उपासाचं माहेर

"नखं दाखव."

काकूंच्या दारात पाऊल टाकलं की "ये, बस"च्या आधी हे ऐकू यायचं. आपण मुकाट्यानं हात पुढे करायचा. त्या आपली बोटं खिडकीच्या उजेडाकडे वळवायच्या, एखादं नख दाबायच्या, सोडायच्या, पांढरं पडलेलं नख पुन्हा गुलाबी होताना पाहायच्या आणि मग समाधानानं म्हणायच्या, "ठीक आहे. ये, बस. चहा टाकते."

काकू भूलतज्ज्ञ होत्या. मिरजेत शिकल्या, लग्न होऊन अमेरिकेत आल्या आणि मॅसॅच्युसेट्समधल्या आमच्या श्रूजबरी गावात राहून जन्मभर लोकांना झोपवत आणि उठवत राहिल्या. मी त्यांच्या समोरच्या घरात राहायला आले तेव्हा त्या निवृत्त झाल्या होत्या, पण सवयी कुठे निवृत्त होतात? बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र पर्समध्ये असायचंच. विश्वास मात्र नखांवर. "यंत्र बॅटरीवर चालतं, नख रक्तावर," म्हणायच्या. साहजिकच नेलपॉलिशशी त्यांचं हाडवैर. मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला एक नवी सून लालचुटुक नखं घेऊन नमस्काराला वाकली, तर काकूंनी आशीर्वादाच्या आधी विचारलं, "हे पटकन निघतं ना गं?" ती बिचारी दिवसभर हात पदराखाली लपवून फिरत होती.

गंमत अशी, की दुसऱ्यांची नखं अशी तपासणाऱ्या या बाई स्वतःचा हात कुणाच्या हातात देत नसत. तरुणपणीच्या क्षयानं त्यांच्या एका फुप्फुसाचा मोठा तुकडा खाल्ला होता. उरलेल्यावर त्यांनी नोकरी केली, संसार केला. जिना चढताना मध्येच थांबून भिंतीवरचं चित्र पाहिल्यासारखं करायच्या. आपण घाई केली की म्हणायच्या, "घाई सर्जनला. आपल्याला नाही." काका सर्जन होते. ते गेलेही तसेच, घाईघाईनं, एका दुपारी. हे वाक्य त्या त्यानंतरही म्हणायच्या, फक्त किंचित थांबून.

संकष्टीला त्यांच्याकडची खिचडी आमच्या गल्लीतल्या चारपाच मराठी घरांत पोचायची. साबुदाणा मोत्यासारखा सुटा, दाण्याचं कूट सढळ, मिरचीचा ठसका बेताचा. पण बटाटा नाही. तुम्ही म्हणाल, त्यात काय, काही लोक नाही घालत. पण काकूंच्या घरी पिशवीभर बटाटे असायचे, भाजीत असायचे, रश्श्यात असायचे. फक्त उपासाच्या ताटातून ते हद्दपार होते. एकदा मी न राहवून विचारलं, तर म्हणाल्या, "बटाट्यानं माझी मुलगी नेली. देवाच्या ताटात त्याला जागा नाही."

ही मुलगी म्हणजे केतकी. श्रूजबरीत जन्मलेली, एकुलती एक. काकूंच्या मनात ती डॉक्टर व्हायची होती. ती वनस्पतिशास्त्राकडे वळली, हे त्यांनी कसंबसं गिळलं. मग ती बटाट्याच्या जुन्या जातींवर काम करायला पेरू देशातल्या कुस्को शहरात गेली. जायचं होतं एक वर्ष. तिथे तिला शाळेत इतिहास शिकवणारा एक मुलगा भेटला आणि वर्ष काही संपेना. लग्न तिथेच नोंदणी पद्धतीनं झालं. काकू गेल्या नाहीत. कुस्को अँडीज पर्वतात, अकरा हजार फुटांच्या वर. "माझ्या फुप्फुसाला परवडणार नाही," म्हणाल्या. खोटं नव्हतं. नंतर दोघं श्रूजबरीला आली तेव्हा काकूंनी देवळात सगळं रीतसर केलं, जावयाला सोन्याची अंगठी घातली, उखाणा शिकवला. केतकीही दर वर्षी पानं रंगायच्या दिवसांत घरी येत राहिली. पण काकू तिच्या घरी गेल्या नाहीत.

फुप्फुसाचं कारण लोकांसाठी होतं. केतकीसाठी दुसरं होतं. ती फोनवर "आई, ये ना" म्हणाली की काकू म्हणायच्या, "लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरी जेवू नये, अशी आपल्यात रीत आहे. मूल झालं की येते." आता, जिनं ऑपरेशन थिएटरमध्ये भल्याभल्यांच्या नाकावर मास्क ठेवला तिला या रितीचं काय? पण रागाला रितीचा पदर मिळाला की तो झाकून राहतो. तुम्हीही पाहिलं असेल हे.

एका रविवारी मी त्यांच्याकडे गाजराचा हलवा द्यायला गेले. केतकीचा फोन स्पीकरवर होता. नेहमीचंच बोलणं चाललं होतं. काकू रितीवर आल्या.

"आई," केतकी म्हणाली, "वी ट्राइड. डॉक्टर्सनी सांगितलंय, इट्स नॉट गोइंग टू हॅपन. आणि आम्ही ठरवलंय, आता अजून ट्राय नाही करायचं. वी आर ओके. पण मग तू माझ्या घरी कधीच जेवणार नाहीस. नेव्हर. राइट?"

काकूंनी फोन बंद केला की पलीकडून बंद झाला, मला कळलं नाही. त्यांनी माझा हात ओढून घेतला, नख दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. बघत मात्र नव्हत्या. मग म्हणाल्या, "मार्चमध्ये तुला सुट्टी मिळेल का गं?"

त्यांच्या फुप्फुसाच्या डॉक्टरांनी आधी नाही म्हटलं, मग तासभर वाद घालून दमल्यावर मोजके दिवस, गोळ्या आणि हॉटेलात ऑक्सिजन, या अटींवर हो म्हटलं. मला नेलं होतं ते बॅगा उचलायला आणि नखं बघून घ्यायला. काकूंनी तिकिटं काढली आणि भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरशी बराच वेळ उभ्या राहिल्या. केतकीच्या घरी जेवायला बोलावलेल्या दिवशी संकष्टी येत होती. मी ते पाहिलं आणि ओळखलं. बाई निघाल्या होत्या खऱ्या, पण परतीचा दोर बरोबर घेऊन.

कुस्कोच्या विमानतळावर उतरलात की पहिल्या दहा पावलांतच कळतं, इथे हवा रेशनवर मिळते. मी चाळिशीची, रोज पळणारी, तरी जिन्याच्या चौथ्या पायरीवर कुत्र्यासारखी धापा टाकायला लागले. काकू मात्र आयुष्यभर अर्ध्या हवेवर जगल्या होत्या. त्या आपल्या नेहमीच्याच चालीनं चालत होत्या. "आता कळलं ना, मी चित्रं का बघते?" त्या म्हणाल्या.

पहिला दिवस आम्ही हॉटेलात कोकाच्या पानांचा चहा पीत काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी केतकी न्यायला आली. तिनं आईला मिठी मारली. काकूंनी तिची नखं पाहिली. दोघींचंही बोलणं तेवढंच. 

तिचं घर जुन्या वस्तीत, चढावर. अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना इंका लोकांनी रचलेल्या दगडी भिंती. चुना नाही, माती नाही, नुसता दगडाला दगड. भूकंपांनी वरची स्पॅनिश घरं पाडली, या भिंती हलल्या नाहीत, असं जावई सांगत होता. काकू थांबल्या. या वेळी खरंच बघायला थांबल्या. दोन दगडांच्या मधल्या रेषेत त्यांनी अंगठ्याचं नख घालायचा प्रयत्न केला. गेलं नाही. पुढच्या दगडाशी पुन्हा प्रयत्न केला. "नखही शिरत नाही," जावयाला म्हणाल्या, मराठीतच. तो हसून मान हलवत राहिला. असं करत करत, भिंत तपासत आम्ही वर पोचलो.

दारात काकूंच्या विहीणबाई उभ्या होत्या. निवृत्त शिक्षिका, बुटक्या, दोन वेण्या, अंगावर विणलेली शाल. मुलाच्याच घरी राहायच्या. सकाळपासून स्वयंपाक चाललेला दिसत होता. केतकीनं आधीच बजावल्यामुळे मांसाचं नाव नव्हतं. मक्याचं, चीजचं, भाताचं काय काय टेबलावर मांडलं होतं. केतकीनं आईसाठी खुर्ची ओढली.

काकू बसल्या, दम घेतला आणि म्हणाल्या, "माझा आज उपास आहे."

केतकी उभीच होती. तिचा चेहरा पडला, असं मी म्हणणार नाही. तो बंद झाला. "ऑफ कोर्स," ती म्हणाली. "ऑफ कोर्स आहे." आणि टेबलावरच्या थाळ्या उचलायला लागली.

विहीणबाईंना काही कळेना. त्यांनी केतकीला स्पॅनिशमध्ये काहीतरी विचारलं. केतकीनं तुटक उत्तर दिलं. त्यांनी पुन्हा विचारलं.

"त्या काय म्हणतात?" काकूंनी विचारलं.

"त्या विचारतायत, आजारी आहेस का. मी म्हटलं नाही, देवाचं आहे. मग म्हणतात, देव काय काय खाऊ देतो?"

प्रश्न सरळ होता. काकूंनीही सरळ उत्तर दिलं, पेशंटचा इतिहास सांगतात तसं. "बटाटा चालतो. रताळं. शेंगदाणे. राजगिरा. साबुदाणा. मिरची."

केतकी एकेक शब्द स्पॅनिशमध्ये सांगत गेली. साबुदाण्यापाशी थोडी अडली, मग ज्या कंदापासून तो होतो त्याचं नाव सांगितलं. विहीणबाईंचा चेहरा हळूहळू फुलत गेला आणि शेवटी त्या पोट धरून हसायला लागल्या. हसतच आत गेल्या. भांड्यांचा आवाज झाला, कुकर गॅसवर ठेवल्याचा आवाज झाला. त्या उंचीवर पाणी उकळतं, पण त्याला धग नसते. कुकर नसेल तर बटाटा शिजता शिजत नाही. त्यांच्या कुकरला शिट्टी नव्हती, नुसता फुसफुसत होता. थोड्या वेळानं टेबलावर एकेक येऊ लागलं. पिवळे बटाटे, तांबडे बटाटे, आतून जांभळे असलेले बटाटे. भाजलेली रताळी. शेंगदाणे. त्या कंदाच्या उकडलेल्या फोडी. हिरव्या मिरचीची चटणी. आणि एका बरणीत पांढऱ्या बारीक लाह्या. काकूंनी चिमूटभर तोंडात टाकल्या.

"हा तर राजगिरा," त्या म्हणाल्या.

"यस, आई." केतकी त्यांच्यासमोर बसली. मघाचा राग गेला नव्हता, पण विषय तिच्या कामाचा होता आणि ती आईचीच मुलगी होती. "तू उपासाला जे जे खातेस ना, ऑलमोस्ट सगळं या बाजूचं आहे. हा कॉन्टिनेंट, शेजारचा कॉन्टिनेंट. बटाटा तर इथलाच, या डोंगरातला. बोटींमधून इंडियाला गेला. मी कितीदा सांगायला बघितलं तुला. यू नेव्हर आस्क्ड की मी इथे काय करते."

काकू टेबलाकडे बघत राहिल्या. "मग आमच्या पणज्या उपासाला काय खायच्या?"

"आय डोन्ट नो. मे बी नथिंग."

"म्हणजे हे उपासाचं माहेरच म्हणायचं की," काकू म्हणाल्या.

आता त्यांच्यापुढे पळवाट नव्हती. अमेरिकेतून आणलेल्या उपासानंच त्यांना टेबलाशी बांधून ठेवलं होतं. विहीणबाईंनी एक जांभळा बटाटा सोलला, मीठ लावलं आणि आपल्या हातानं काकूंच्या ताटात ठेवला. काकूंनी तो उचलला, फोडला, अर्धा केतकीच्या ताटात ठेवला आणि उरलेला खाल्ला. मग दुसरा घेतला. मग चटणी मागितली. केतकी खाली मान घालून आपला अर्धा बटाटा चिवडत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी पडत होतं आणि काकू तिला म्हणत होत्या, "मीठ आणखी घेऊ नकोस, पुरे झालं." मला त्या दोघींचा राग आला, इतकी वर्षं यांनी एका बटाट्यासाठी घालवली म्हणून. आणि तरीही त्या टेबलावरून उठावंसं वाटेना.

त्या दिवशी काकू हॉटेलात परतल्या नाहीत. ऑक्सिजनचं नळकांडं जावयानं खालून खांद्यावर वाहून आणलं. काकूंच्या कॅलेंडरात चंद्रोदय मुंबई-पुण्याचा. केतकीनं दुपारीच कुस्कोचा शोधून ठेवला होता, न सांगता. डोंगरावर चंद्र दिसला तसा काकूंनी लेकीच्या हातचा वरणभात खाऊन उपास सोडला. वरण थोडं कच्चं होतं. त्या काही बोलल्या नाहीत, यावरून काय ते समजा.

आणखी दोन दिवस तिथे छान गेले. तिसऱ्या सकाळी काकू उशिरा उठल्या आणि पलंगावरच बसून राहिल्या. केतकी चहा घेऊन आली, त्यांच्याकडे पाहिलं, कप खाली ठेवला आणि हात पुढे केला. "आई, नखं दाखव."

मराठी इतकं स्वच्छ होतं, की मी वळून पाहिलं. काकूंनी तोवर कुणाला दिला नव्हता तो हात दिला. केतकीनं बोटं खिडकीकडे वळवली. नखं निळसर होती. ते मलाही दिसलं.

"खाली जायला हवं," काकू म्हणाल्या. "सावकाश. घाई..." आणि पुढचं बोलल्या नाहीत, कारण दम लागला होता.

दुपारचं विमान मिळालं. निघताना काकूंनी विहीणबाईंची ओटी भरली. खण आणि तांदूळ बरोबर आणले होते. मला ते माहीतच नव्हतं. विहीणबाईंनी शालीच्या टोकात ओटी घेतली, क्षणभर विचार केला, आत गेल्या आणि एका रंगीत विणलेल्या फडक्यात बटाटे बांधून काकूंच्या मांडीवर ठेवले. रीत त्यांना कुणी समजावून सांगितली नव्हती. 

न्यूयॉर्कला उतरल्यावर अधिकाऱ्यानं विचारलं, बॅगेत खायचं काही आहे का? मी म्हणणार होते नाही. काकू खरं बोलणाऱ्या. "पोटेटोज," म्हणाल्या. तो पोरगेलासा अधिकारी नम्र होता, पण बाहेरचे कच्चे बटाटे आत येऊ शकत नाहीत. त्यानं गाठोडं सोडलं. आणि काकू, ज्या कुणापुढे कधी अजिजी करत नसत, त्या त्याचा हात धरून म्हणाल्या, "प्लीज. दे आर फ्रॉम माय डॉटर्स हाउस."

तो म्हणाला, "आय ॲम सॉरी, मॅम." बटाटे डब्यात गेले. फडकं त्यानं घडी करून परत दिलं. काकूंनी ते पर्समध्ये ठेवलं आणि आम्ही विमान बदलून घरी आलो.

पुढच्या संकष्टीला गल्लीत खिचडी आली, तिच्यात बटाटा होता. सगळ्यांनी पाहिलं, कुणी विचारलं नाही. त्यानंतर बर्फ वितळून जमीन मऊ झाल्यावर काकूंनी मागच्या अंगणात दुकानातलेच कोंब आलेले बटाटे लावले. वाकता येत नव्हतं, म्हणून स्टुलावर बसून मला सांगायच्या. "सावकाश. डोळा वर हवा. केतकी येईल तेव्हा काढू."

पावसाळी उन्हाळा होता. रोपं वाढली, जांभळट फुलं आली, पानं पिवळी पडायला लागली. ऑगस्टच्या अखेरीला एका सकाळी काकूंच्या घराचे पडदे उघडले नाहीत. त्यांच्या दाराची एक किल्ली माझ्याकडे असायची. त्या झोपेतच गेल्या होत्या. इतक्या लोकांना हलक्या हातानं झोपवलं, त्यांच्या वाट्याला तेवढं तरी आलं.

केतकी त्या वर्षी पानं रंगायच्या आधीच आली. सगळं उरकल्यावर, माणसं गेल्यावर, ती मागच्या दारातून अंगणात गेली आणि मातीत बसली. मीही बसले. फावडं होतं, पण आम्ही हातांनीच उकरलं. लहान लहान होते बटाटे, पण पुष्कळ होते. तिनं ते कुस्कोच्या त्या फडक्यात गोळा केले. विहीणबाईंचा फोन आला होता, म्हणाली. दर महिन्याला त्या केतकीला विचारून घेतात, मामाच्या उपासाचा दिवस कुठला. तिकडे आईला मामा म्हणतात. त्या दिवशी त्या बटाट्यांशिवाय काही शिजवत नाहीत.

आम्ही स्वयंपाकघरात आलो. केतकी नळाशी गेली आणि नळ न सोडता तशीच उभी राहिली. नखांत काळी माती भरली होती. मग तिनं वळून माझ्यापुढे हात धरला, लहान मुलं धरतात तसा.

मी तिची बोटं खिडकीच्या उजेडाकडे वळवली. एक नख दाबलं, सोडलं, मातीच्या कडेतून ते गुलाबी होईपर्यंत पाहिलं.

"ठीक आहे," मी म्हणाले. "ये, बस. चहा टाकते."